फाउंटनपेनची काळी शाई

दुकानांत शाई घ्यावयास गेलेल्या मनुष्यास दुकानदार एवढेंच विचारतो, "काळी देऊं कीं निळी ?" काळी म्हटल्यावर अधिक चौकशीचें कारण उरत नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. निळ्या रंगांत आकाशी, गडद, जांभळट असे भेद संभवतात. काळ्यांत भेद कसला? काळें तें काळें ! परंतु दोन निरनिराळ्या बाटल्यांतील काळ्या शाईनें लिहिलेले दोन कागद पावसांत भिजले, तर एकावरील अक्षर जसेंच्या तसें राहतें आणि दुसऱ्यावर जांभळट डागांखेरीज कांहीं उरत नाहीं. तेच कागद खिडकींतल्या उन्हांत महिनाभर राहिले, तर एकावरील रंग पुसट होतो, दुसऱ्यावरील होत नाहीं. आणि ज्या शाईनें कागदावर इतका टिकाऊपणा दाखविला, तिनेंच कदाचित् पेनाचा घसा कोंदून ठेवलेला असतो.

याचें कारण असें कीं, 'काळी शाई' हें एका पदार्थाचें नांव नाहीं. एकमेकांशीं कांहींएक नातें नसलेल्या तीन पदार्थांस तें नांव सरसकट दिलें जातें. पहिली काजळाची शाई, दुसरी लोहाची आणि तिसरी रासायनिक रंगाची. या तिघींची तुलना करावयाची तर 'सर्वांत काळी कोणती' हा प्रश्न पुरेसा नाहीं. लिहिलेलें किती दिवस टिकावयास हवें आणि त्यासाठीं पेनाची किती निगा राखण्याची तयारी आहे, हे दोन प्रश्न आधीं विचारले पाहिजेत.

दौतींत टांक बुडवून लिहिण्याच्या काळीं शाईवर फारशीं बंधनें नव्हतीं. शाई दाट असो, तिच्यांत थोडा गाळ असो, लिहिणें झाल्यावर टांक फडक्यानें पुसला कीं काम संपलें. फाउंटनपेनानें ही मोकळीक काढून घेतली. १८८४ सालीं अमेरिकेंत लुई वॉटरमन यानें ज्या पेनाचें पेटंट घेतलें, त्यांत निबाखालच्या जिभेला बारीक खांचा होत्या. त्या खांचांतून केशाकर्षणानें शाई खालीं यावी आणि तिची जागा घेण्यापुरती हवा वर जावी, अशी ती योजना होती. आजच्या पेनांचेंही तत्त्व तेंच आहे. ही वाट केसासारखी अरुंद असल्यामुळें पेनाच्या शाईकडे कांहीं ठाम मागण्या असतात. शाई पाण्यासारखी वाहावी. टोपण लावलेलें असतां आंत वाळूं नये. गाळ सोडूं नये. धातूस वा रबरास खाऊं नये. कागदाची मागणी मात्र याच्या नेमकी उलट आहे. शाई टेकतांच वाळावी, तंतूंत रुतून बसावी आणि पुन्हां पाण्यानें सुटूं नये, असें कागदावरील अक्षराच्या हिताचें असतें. पेनांत वाहणारी आणि कागदावर कायमची थांबणारी अशी एकच वस्तु करणें, हीच शाई करणाऱ्याची खरी अडचण. वर सांगितलेल्या तीन शाया म्हणजे या अडचणीचीं तीन वेगवेगळीं उत्तरें होत.

सर्वांत जुनें उत्तर काजळाचें. तेलाच्या दिव्यावर धरलेलें काजळ डिंकाच्या पाण्यांत तासन्‌तास घोटून केलेली शाई आणि बोरू, हीं आपल्याकडील लेखनाचीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीं साधनें. प्राचीन इजिप्त व चीन या देशांतही काजळाचीच शाई होती. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागदांतून गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या अवधींत निवडक पत्रांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. दीड-दोनशें वर्षांपूर्वीचीं हीं पत्रें अभ्यासकांस वाचतां आलीं, याचें बरेंचसें श्रेय काळवंडलेल्या कागदावरही काळ्याच राहणाऱ्या या शाईस द्यावें लागेल. काजळ म्हणजे कार्बनाचे अतिसूक्ष्म कण. प्रकाशांतील सर्व रंग तो सारखेच शोषून घेतो, म्हणून तो खराखुरा काळा दिसतो. ऊन, हवा, साधीं आम्लें यांपैकीं कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाहीं. मात्र जुन्या शाईंत एक उणीव होती. काजळ उडत नसलें तरी त्याला कागदाशीं धरून ठेवणारा डिंक पाण्यांत विरघळतो. म्हणून ओल लागलेल्या जुन्या पोथ्यांचीं पानें एकमेकांस चिकटतात आणि अक्षरें पसरतात.

ही घोटलेली शाई फाउंटनपेनांत चालत नाहीं. कण तळाशीं बसतात, डिंक वाळतो आणि खांचा बुजतात. चित्रकलेसाठीं बाटलींतून मिळणारी वॉटरप्रूफ काळी शाई तर याहूनही घातक, कारण तिच्यांत बहुधा लाख असते. एकदां ती पेनांत वाळली म्हणजे पाण्यानें निघत नाहीं. 'काळीच तर आहे' म्हणून ती पेनांत भरणें म्हणजे पेनावर पाणी सोडणेंच होय. फाउंटनपेनाकरितां हल्लीं जी कार्बनाची शाई मिळते ती निराळी. जपानांतील प्लॅटिनम कंपनीची 'कार्बन ब्लॅक' आणि सेलर कंपनीची 'किवागुरो' या तिच्या नांवाजलेल्या जाती. यांतील कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात आणि ते एकत्र गोळा होऊन खालीं बसूं नयेत अशी रासायनिक योजना केलेली असते. अक्षर वाळल्यावर हे कण तंतूंच्या जाळ्यांत अडकून बसतात. मग पाण्याचा हात फिरविला तरी ते हलत नाहींत. पण जो गुण कागदावर, तोच दोष पेनांत. पेन उघडें राहिलें किंवा आठवडेच्या आठवडे पडून राहिलें, तर तेथेंही ते तसेच घट्ट बसतात.

दुसरें उत्तर लोहाचें. मायफळ, हिराकस, डिंक आणि पाणी या चार वस्तूंपासून होणारी ही शाई युरोपांत मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत मुख्य शाई होती. मायफळ म्हणजे ओकच्या जातीच्या झाडावर किड्याच्या दंशानें उठलेली गांठ. तिच्यांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य भरपूर असतें. हिराकस हा लोखंडाचा क्षार. दोहोंचा संयोग झाला म्हणजे प्रथम जो पदार्थ होतो तो जवळजवळ रंगहीन असून पाण्यांत विरघळलेला राहतो. अक्षर कागदावर उमटलें आणि त्यास हवा लागली कीं त्यांतील लोहाचें रूप पालटतें आणि तंतूंच्या आंतच काळा, पाण्यांत न विरघळणारा पदार्थ तयार होतो. म्हणजे ही शाई बाटलींत काळी नसते; ती कागदावर काळी होते. पेनांत वाहावें आणि कागदावर थांबावें, या दोन विरुद्ध मागण्या पुरविण्याची ही युक्ति खरोखर चातुर्याची आहे.

पण लिहितांना अक्षर दिसलें तर पाहिजे ! म्हणून तिच्यांत निळा रंग मिसळूं लागले. लिहितांना निळें दिसणारें अक्षर कांहीं तासांत, कांहीं दिवसांत काळें होत जातें. 'ब्लू-ब्लॅक' हें नांव मूळचें या पालटावरून पडलें. निळ्या आणि काळ्या शाईचें तें मिश्रण नव्हे. हल्लीं मात्र या नांवावर विसंबतां येत नाहीं. जर्मनींतील पेलिकन कंपनीच्या '४००१' मालिकेंतील ब्लू-ब्लॅक शाईंत लोह आहे. त्याच देशांतील लामी कंपनीच्या ब्लू-ब्लॅकमध्यें तें पूर्वीं होतें, पुढें काढून टाकण्यांत आलें. नांव तेंच, पदार्थ मात्र दुसरा.

इंग्लंडांत जन्म, मृत्यु व विवाह यांच्या नोंदवह्या दीर्घकाळ याच लोहाच्या शाईनें लिहिल्या जात. तेथील विवाहांची नोंद मे २०२१ पासून संगणकावर होऊं लागली; तरी 'रजिस्ट्रार्स इंक' या नांवानें ती शाई अजून मिळते. तिच्या टिकाऊपणाचा एक दाखला प्रसिद्ध आहे. आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाच्या ग्रंथाची दहाव्या शतकांतील एक चर्मपत्रावरील प्रत तेराव्या शतकांत खरवडून व धुऊन तिच्यावर प्रार्थना लिहिण्यांत आल्या होत्या. १९९९ नंतर निरनिराळ्या प्रकाशांत छायाचित्रें घेऊन तज्ज्ञांनीं खालचा मजकूर पुष्कळसा वाचून काढला, कारण पुसलेल्या शाईंतील लोहाच्या खुणा चर्मांत उरल्या होत्या.

या शाईचा दुर्गुणही तितकाच प्रसिद्ध आहे. तिच्यांतील लोह बाटलींतच गढूळ होऊन बसूं नये म्हणून आम्ल घालावें लागतें, आणि अक्षर काळें होतांनाही आम्ल निर्माण होतें. साधें पोलादी नीब त्यानें गंजतें. फाउंटनपेनाला सोन्याचें नीब बसविण्याची चाल केवळ हौसेखातर पडलेली नाहीं, सोनें या आम्लास दाद देत नाहीं म्हणूनही ती पडली. शाईंत लोह प्रमाणाबाहेर असेल तर कालांतरानें कागदच जळल्यासारखा होऊन अक्षराच्या जागीं भोंक पडतें. योहान सेबास्टियन बाख या थोर संगीतकाराच्या हस्तलिखितांची हीच दशा झाली. बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयांतील त्याचीं कित्येक पानें वांचविण्यासाठीं कागदाचे उभे दोन पापुद्रे वेगळे करून मध्यें बळकट पातळ कागद घालावा लागला. हल्लींच्या पेनांसाठीं केलेल्या लोहाच्या शाया पुष्कळच सौम्य आहेत, हें येथें सांगितलें पाहिजे. तरीही त्या पेनांत महिनोन्‌महिने ठेवण्याजोग्या नव्हेत.

तिसरें उत्तर रंगाचें, आणि आज बाजारांतील बहुतेक बाटल्यांत तेंच असतें. १८५६ सालीं विल्यम पर्किन या तरुण इंग्रजास दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग गवसला आणि कृत्रिम रंगांचें युग सुरू झालें. त्यानंतर थोड्याच वर्षांत नायग्रोसीन नांवाचा काळा रंगही तयार झाला. असे रंग पाण्यांत साखरेसारखे पूर्ण विरघळतात. कण नाहींत, म्हणून गाळ नाहीं. लोह नाहीं, म्हणून तीव्र आम्लाची गरज नाहीं. फाउंटनपेनास याहून सोईची शाई कोणती ? पार्कर कंपनीची 'क्विंक' शाई १९३१ सालीं निघाली ती याच वर्गांतील. त्याच वर्षीं मुंबईंत दि. प. दांडेकर व गो. प. दांडेकर या बंधूंनीं 'हॉर्स ब्रँड' शाईच्या पुड्या व वड्या विकण्यास आरंभ केला. पुढें 'कॅमल' शाईनें महाराष्ट्रांतील शाळाशाळांत पोंचलेला कॅम्लिनचा धंदा तो हाच. बंगालमध्यें १९३४ सालीं मैत्र बंधूंनीं 'सुलेखा' शाई काढली, तिच्यामागें स्वदेशीची प्रेरणा होती.

रंगाच्या शाईचें अंतरंग पाहण्यास प्रयोगशाळा नको. पांढऱ्या टीपकागदाची बोटभर रुंद पट्टी घ्यावी, खालच्या टोंकापासून थोड्या अंतरावर शाईचा एक ठिपका द्यावा आणि ठिपका बुडणार नाहीं अशा बेतानें पट्टीचें टोंक पाण्यांत धरावें. पाणी वर चढूं लागतें तसतसे रंग सुटे होऊं लागतात. निळा पुढें धांवतो, जांभळा किंवा तांबूस मागें राहतो, कोठें पिंवळसर कड उमटते. एका रंगानें पुरता काळेपणा साधत नसल्यामुळें पुष्कळदां दोनतीन रंग मिसळून तो साधलेला असतो, हें या पट्टीवर उघड होतें. एका काळ्या शाईस निळसर, दुसरीस तपकिरी झांक कां असते, याचेंही उत्तर त्यांतच मिळतें. कार्बनाच्या शाईचा वाळलेला ठिपका मात्र अशा वेळीं जागचा हलत नाहीं.

रंगाच्या शाईची उणीव तिच्या गुणांतच आहे. जें पाण्यांत सहज विरघळतें तें वाळल्यावरही पुन्हां विरघळतें. उन्हांत कांहीं रंग लवकर उडतात, कांहीं उशिरा. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले, त्यांत अतिरेकही झाला. १९४१ सालीं बाजारांत आलेल्या 'पार्कर ५१' या पेनासाठीं त्याच कंपनीनें झटपट वाळणारी खास शाई काढली. ती इतकी क्षारयुक्त होती कीं दुसऱ्या पेनांचे भाग तिनें बिघडत, आणि ही शाई याच पेनांत वापरावी असा इशारा द्यावा लागला. अलीकडे अमेरिकेंतील 'नूडलर्स' या काळ्या शाईनें वेगळी वाट धरली आहे. तिच्यांतील रंग कागदाच्या तंतूंशीं, म्हणजे सेल्युलोजशीं, रासायनिक रीत्या जडतो. सेल्युलोज नसलेल्या वस्तूवरून तो धुतां येतो. म्हणून ती पेनांत वाहती राहते आणि कागदावर पक्की होते. मात्र गुळगुळीत कागदावर जी शाई तंतूंपर्यंत पोंचत नाहीं, ती बोट लागतांच फरकटण्याचा संभव असतो.

आतां तिन्ही शाया शेजारीं ठेवून पाहूं. गर्द काळेपणांत कार्बनाची शाई पुढें. तिचें अक्षर छापील अक्षरासारखें दिसतें. रंगाच्या कांहीं शाया, उदाहरणार्थ इटलींतील ऑरोरा कंपनीची काळी, काळेपणासाठीं तिच्या जोडीनें नांवाजल्या जातात. लोहाची शाई प्रथम फिकी आणि मागाहून काळी. शतकांनंतर ती तपकिरीकडे झुकते. परंतु काळेपणा केवळ बाटलीवर अवलंबून नसतो. बारीक निबानें शाई कमी उतरते व अक्षर करडें दिसतें. रुंद आणि ओल्या निबानें तीच शाई गर्द दिसते. म्हणून तुलना करावयाची तर एकाच पेनानें, एकाच कागदावर करावी, आणि शाई पालटतांना पेन पूर्ण धुवावें.

पाण्याच्या कसोटींत कार्बन व लोह उतरतात. रंग बहुधा उतरत नाहीं. प्रकाशाच्या कसोटींत कार्बन निर्वेध, लोह समाधानकारक, रंग बेभरंवशाचा. धुण्याच्या चूर्णासारख्या विरंजक द्रव्यांपुढें रंग बहुधा टिकत नाहीं आणि लोहाची शाईही फिकी पडते. कार्बन तेवढा तसाच राहतो. धनादेशावरील वा करारावरील आंकडा लबाडीनें बदलण्यास अशींच द्रव्यें वापरलीं जातात, म्हणून ही कसोटी व्यवहारांत महत्त्वाची. हलक्या, खळ कमी असलेल्या कागदावर शाई फुटते, विशेषतः पावसाळ्यांत कागद दमट झाला म्हणजे. अशा कागदावर लोहाची शाई इतरांपेक्षां नीटस रेघ देते. पेनाची काळजी पाहिली तर रंगाची शाई सर्वांत निर्धोक, तिला अधूनमधून साध्या पाण्याची धुवट पुरते. लोहाची आणि कार्बनाची शाई भरलेलें पेन रोज चाललें पाहिजे आणि महिन्याकांठीं एकदां तरी स्वच्छ झालें पाहिजे.

बाटलीवरील 'पर्मनंट' या शब्दानें फसूं नये. पुष्कळदां त्याचा अर्थ एवढाच असतो कीं, कपड्यावरून सहज धुऊन जाणाऱ्या शाईपेक्षां ही अधिक चिवट आहे. खात्री करण्याचा मार्ग सोपा आहे. नेहमींच्या कागदावर चार ओळी लिहाव्या, एक दिवस वाळूं द्याव्या आणि एका ओळीवर पाण्याचे थेंब टाकून पांच मिनिटांनीं टिपावे. दुसरी ओळ अर्धी झांकून महिनाभर उन्हाच्या खिडकींत ठेवावी. हें करण्यास एक पैसाही लागत नाहीं आणि बाटलीवरील शब्दांपेक्षां त्याची साक्ष अधिक खरी असते.

यावरून निवड आपोआप ठरते. विद्यार्थ्याच्या वह्या, रोजचीं टिपणें, घरगुती हिशेब यांस रंगाची साधी काळी शाई उत्तम. तेथें पेन वांचविणें महत्त्वाचें. पावसाळ्यांत टपालानें जावयाच्या पाकिटावरील पत्ता, धनादेश, मृत्युपत्र, जमिनीच्या व्यवहाराचा कागद, संस्थेचें इतिवृत्त, वंशावळ, यांस कार्बनाची किंवा तंतूंशीं जडणारी शाई वापरावी. लोहाची शाई नोंदवहीस योग्य, पण तिच्यासाठीं सोन्याचें किंवा चांगल्या स्टेनलेस पोलादाचें नीब आणि नियमित धुणें आवश्यक. ज्याच्याकडे दोन पेनें असतील त्यानें एक रोजच्या लेखनास आणि एक टिकाऊ लेखनास राखावें, हें सर्वांत सोईचें. दोन जातींच्या शाया मात्र एकत्र मिसळूं नयेत; आम्ल आणि क्षार भेटले कीं पेनाच्या घशांतच साका बसतो. पेनांतली उरलेली शाई बाटलींत परत ओतूं नये आणि बाटलीचें झांकण उघडें टाकूं नये, नाहींतर शाईस बुरशी येते.

लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें अक्षर एकदां काळें दिसलें म्हणजे त्याचें समाधान होतें. पण मृत्युपत्र किंवा करार वाचण्याची खरी वेळ येते ती पुष्कळदां लिहिणारा जवळ नसतांना, आणि तेव्हां पुसट झालेल्या शब्दाचा अर्थ सांगण्यास कोणी उरलेलें नसतें. म्हणून दुकानदारानें "काळी देऊं कीं निळी ?" असें विचारलें असतां, "काळी, पण कसली ?" असा उलट प्रश्न विचारण्याची संवय ग्राहकानें लावून घ्यावी.